नवस, संकल्प आणि मुक्कामी गाडी

“वॉचनाइटला, म्हणजे 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेत, देवाला शब्द देतो आणि फेब्रुवारी उजाडायच्या आत मोडतो. सहा वर्षं हेच चाललंय. आता चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या वेळी मागच्या बाकावर नुसता बसून राहतो. माझा विश्वासच खोटा आहे का?”

समुपदेशनासाठी आमच्याकडे आलेले, हे विचारणारे गृहस्थ एसटीत कंडक्टर, वय चाळिशीच्या आसपास, राहायला साताऱ्यात. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. प्रश्न बदलण्याची गरज पडली नाही, कारण जानेवारी सरता सरता तो पुष्कळ ख्रिस्ती घरांतून थोड्याफार फरकाने येतो.

31 डिसेंबरच्या रात्री त्यांनी चिठ्ठीवर चार गोष्टी लिहिल्या होत्या: वर्षात संपूर्ण बायबल, रोज पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना, दर शुक्रवारी निर्जळी उपास, आणि तंबाखू बंद. यातलं काय कधी सुटलं, हे तारखेनिशी आठवायला सांगितलं. तंबाखू 3 जानेवारीला परत सुरू झाली. पहाटेची प्रार्थना पहिल्या आठवड्यातच गेली. दुसऱ्या शुक्रवारी पित्त उसळलं. बायबल महिनाभर टिकलं आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या दारात थांबलं.

लेवीयचं कोडं साध्या गणिताचं आहे. प्रॉटेस्टंट बायबलात 1189 अध्याय आहेत, म्हणजे दिवसाला सव्वातीन. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे 50 अध्याय गोष्टींच्या ओघात जातात, निर्गम या दुसऱ्याचा पूर्वार्धही. 23 जानेवारीच्या सुमाराला निर्गमचा 25वा अध्याय येतो आणि निवासमंडपाची, म्हणजे देवासाठी उभारलेल्या तंबूची मापं, पडदे, कड्या, फळ्या सुरू होतात. 28 तारखेला लेवीय. तोवर नव्या वर्षाचा उत्साह ओसरलेला, त्यात दहा दिवस चुकले की 33 अध्यायांची थकबाकी. थकबाकी पाहून माणूस पुस्तक उघडतच नाही, आणि मग न उघडल्याची लाज वाटते. ज्याला आपण आध्यात्मिक कोरडेपणा म्हणतो, त्यात अशा साचलेल्या हिशेबाचा वाटा बराच असतो.

पहाटे चारचंही तेच. त्यांची ड्युटी आठवड्यातून दोनदा जावळीतल्या एका गावाला मुक्कामी गाडी घेऊन जायची, आणि दोनदा पहिल्या फेरीची. म्हणजे चिठ्ठी लिहिली त्याच क्षणी सातातले चार दिवस त्यातून वजा होते. वर बायकोला “चारला उठव” सांगून ठेवलेलं. ती उठवायची, हे कुरकुरायचे, आणि दिवसाची सुरुवात भांडणाने व्हायची. (आपल्याकडे बायकोलाही मंडळी म्हणतात आणि चर्चलाही. या प्रकरणात दोन्ही मंडळी नाराज होत्या.)

पण खरी गाठ वेगळीच निघाली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बायबलातल्या उपदेशक या पुस्तकाचा 5वा अध्याय वाचला होता: नवस करून तो न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. तेव्हापासून दर वर्षीची चिठ्ठी त्यांच्या लेखी देवाची बुडवलेली रक्कम झाली होती. मुलाला कावीळ झाली तेव्हा “ही त्याचीच शिक्षा” असं मनात आलं होतं. हे त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं, तेही उठता उठता.

इथे आम्ही दोन शब्द वेगळे केले. नवस म्हणजे विचारपूर्वक, स्वतःला बांधून घेऊन देवाला दिलेलं वचन. मध्यरात्री, गाणी चालू असताना, शेजारचा लिहितोय म्हणून लिहिलेली चिठ्ठी बहुतेक वेळा इच्छा असते, फार तर संकल्प. तरीही ते म्हणाले, “मी तर नवस म्हणूनच लिहिलं होतं.” ठीक. मग त्यांना लेवीयचा शेवटचा, 27वा अध्याय काढायला सांगितला. हे नाव ऐकून ते हसले. त्या अध्यायात नवसाची मोलं ठरवून दिली आहेत, वय आणि स्त्री-पुरुष भेदाप्रमाणे शेकेल या चांदीच्या मापात. आणि 8व्या ओवीत तरतूद आहे: नवस करणाऱ्याला तेवढं झेपत नसेल, तर त्याने याजकापुढे यावं आणि याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावं. ज्या पुस्तकाच्या दारातून ते दरवर्षी परत फिरत होते, त्याच्याच शेवटच्या पानावर हे होतं.

प्रभुभोजनाचा प्रश्न आम्ही सोडवला नाही, त्यांच्या पाळकांकडे पाठवला. पापाच्या क्षमेबद्दल आश्वासन देणं हे समुपदेशकाचं काम नव्हे. जाण्याआधी 1 करिंथ 11, म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 11वा अध्याय, पूर्ण वाचून जायला मात्र सांगितलं. प्रभुभोजन “अयोग्य रीतीने” घेणारा दोषी ठरतो, हे तिथले शब्द सगळ्यांना पाठ असतात. तिथे पौल ज्यावर चिडला आहे ते 21व्या ओवीत आहे: एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो. आणि 28व्या ओवीत स्वतःची परीक्षा करून मग खावं असं आहे, परीक्षा करून मागच्या बाकावर बसावं असं नाही. पाळकांशी त्यांचं बोलणं तासभर चाललं, एवढंच कळलं.

आता नवी घडी. तारीख फेब्रुवारीची, तिसरा आठवडा. एक जानेवारीची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

तंबाखू यादीतून काढली आणि डॉक्टरांकडे दिली. निकोटिन सुटताना चिडचिड, झोपमोड, तल्लफ यांचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि उतार पडायला काही आठवडे लागतात. 3 जानेवारीला ते का ढासळले याचं उत्तर यातच आहे. डॉक्टरांनी निकोटिनचा च्युइंगगम दिला. तो सुपारीसारखा सतत चघळायचा नसतो: थोडा चावायचा, झणझणलं की गालात दाबून ठेवायचा, चव उतरली की परत चावायचा. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन 1800-11-2356 ही आहे. प्रार्थना करावीच, पण व्यसनाचं बिल भक्तीच्या नावावर फाडू नये.

वाचनाची मापं तीन केली, ड्युटीप्रमाणे. साप्ताहिक सुट्टीला एक अध्याय आणि वीस मिनिटं शांत बसणं. साध्या ड्युटीला एक अध्याय, घरी आल्यावर, जेवणाआधी. जेवणानंतर म्हटलं की झोप जिंकते. मुक्कामाच्या रात्री फक्त स्तोत्र 121, आठ ओव्यांचं, पाठ करून, दिवा नसला तरी म्हणता येईल असं. डोंगरांकडे नजर टाकणारं आणि जाण्यायेण्याचं रक्षण मागणारं हे स्तोत्र जावळीच्या घाटात मुक्कामी गाडीवर शोभतंही. शिवाय त्यांचा गळा चांगला. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली साताऱ्यात देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, आणि भजन हे त्यांचं आवडतं साधन. त्या गावच्या ख्रिस्ती माणसाने चार कडवी म्हटली तर ती उपासना नव्हे असं कोण म्हणेल?

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून. सोळा अध्याय, वेगवान, आणि संपतं लवकर. काहीतरी संपवल्याचा अनुभव या माणसाला सहा वर्षांत आला नव्हता.

नियम एकच, पण कडक: चुकलेलं भरून काढायचं नाही. चार दिवस गेले तर पाचव्या दिवशी पुढचाच अध्याय, एकच. चौकटींचं कॅलेंडर बंद, कारण रिकाम्या चौकटी बोट दाखवतात. त्याऐवजी खिशातली छोटी वही: वाचलं त्या दिवशी तारीख, अध्याय आणि एका ओळीची प्रार्थना. न वाचलेल्या दिवसाची नोंदच नाही.

उपास एका जेवणापुरता, पाणी चालू, आणि सुट्टीच्या दिवशी. पित्ताचा त्रास असताना गाडीत उभं राहून निर्जळी करणं हा हट्ट होता.

सोबतीला बायकोऐवजी मंडळीतले एक निवृत्त शिक्षक. रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटं, दोनच प्रश्न: या आठवड्यात काय वाचलं, आणि कशासाठी प्रार्थना करू? किती दिवस चुकले हे विचारायचं नाही. हे सरांना जमायला तीन रविवार लागले. हजेरी घेण्याची सवय.

होळीच्या जादा गाड्यांत नऊ दिवस वहीत काही नव्हतं. ते आले ते “परत तेच” म्हणत. वही उघडून पाहिलं, तर दहाव्या दिवशी मार्क 13ची नोंद होती. याआधी सुटलेलं हाती यायला पुढचा 31 डिसेंबर लागायचा.

वर्षारंभी पुन्हा समर्पण करणं यात कमीपणा नाही हेही सांगावं लागलं. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 1755 मध्ये करार-नूतनीकरणाची, म्हणजे देवाला दिलेला शब्द पुन्हा देण्याची, उपासना सुरू केली; मेथडिस्ट मंडळ्यांत ती आजही बहुधा नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी होते. ती दरवर्षी होते, आणि सगळ्यांनी मिळून होते. एकट्याने चिठ्ठी लिहून खिशात ठेवण्याहून हे फार वेगळं आहे.

एक गोष्ट पहिल्याच भेटीत तपासली होती. दोन आठवड्यांहून जास्त सततची उदासी, झोप-भूक उडणं, शब्द चुकला म्हणून तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा करत राहणं, किंवा मरणाचे विचार असतील, तर वचनं वाचून दाखवत बसू नये. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. या गृहस्थांत ती लक्षणं नव्हती.

पुढच्या वर्षअखेरीला त्यांना वॉचनाइट मिळाली नाही, मुक्कामाची पाळी आली. वहीत आहे: 31 डिसेंबर, स्तोत्र 121, गाडीत. 1 जानेवारीची नोंद नाही. 2 जानेवारी: लूक 16.