इंजिन तापलं म्हणजे वॉरंटी गेली का?

या वेळी निवडलेली चारही पत्रं इंजिन तापल्याची आणि त्यावरून नाकारलेल्या क्लेमची आहेत. एक तर थेट बर्फातून आलं आहे. सुरुवात त्यापासूनच करतो.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत मिनेसोटाला असतो. त्याच्या नव्या स्नोमोबाइलचं (बर्फावर चालणाऱ्या गाडीचं) इंजिन गोठलेल्या तळ्यावर तापून सीज झालं, म्हणजे आतून जाम झालं. बाहेर उणे वीस असताना इंजिन तापतं कसं? डीलर म्हणतो, चालवणाऱ्याची चूक आहे, वॉरंटी मिळणार नाही. – रामबाग, इंदूर

तुमच्या प्रश्नातच कारण आलं आहे : गोठलेलं तळं. लिक्विड कूल्ड स्नोमोबाइलला बहुधा कारसारखा पुढे मोठा रेडिएटर नसतो. मागच्या रबरी ट्रॅकवर पत्र्याचा बोगद्यासारखा भाग असतो. त्याच्या आतून ॲल्युमिनियमचे हीट एक्स्चेंजर बसवलेले असतात आणि त्यांतून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, फिरतो. ट्रॅक फिरताना खालचा भुसभुशीत बर्फ उडवून त्यांच्यावर मारतो. तो बर्फ वितळताना उष्णता ओढून घेतो, इंजिन थंड राहतं ते त्यामुळे. तळ्यावर किंवा दाबून कडक झालेल्या वाटेवर उडायला बर्फच नसतो. मग नुसती थंड हवा पुरी पडत नाही. ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो, त्यांनाही बर्फाचंच वंगण लागतं, म्हणून इंजिनाबरोबर त्याही खराब होतात. यावर उपाय म्हणजे आइस स्क्रॅचर : कडक बर्फ खरवडून त्याचा भुगा वर उडवणारे स्प्रिंगचे दात. ते नसतील तर मधूनमधून कडेच्या मऊ बर्फात गाडी घालायची.

आता वॉरंटी. इंजिन तापल्याचा इशारा देणारा दिवा लागल्यावरही मुलगा तसाच चालवत राहिला असेल, तर डीलरचं म्हणणं खोडणं अवघड आहे. पण कूलंटचा पंप बंद पडला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा जोडातून कूलंट गळला असेल, तर तो दोष यंत्राचा. यातलं काय झालं हे तपासल्याशिवाय ‘चालवणाऱ्याची चूक’ हे उत्तर मान्य करू नका. मुलाला सांगा, पिस्टनचे फोटो मागून घे. इंजिन टू-स्ट्रोक असेल आणि पिस्टनवर चार ठिकाणी उभे ओरखडे असतील, तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगला. कूलिंग बंद पडल्यावर असं होतं, तसंच थंड इंजिन एकदम पूर्ण रेस केल्यावरही होतं. पण पिस्टनचा माथा वितळला असेल, तर संशय पेट्रोल कमी पडण्यावर जातो, म्हणजे इंजेक्टर किंवा हवेची गळती. त्यात मुलाचा दोष असेलच असं नाही. इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधली तापमानाची नोंदही लेखी मागावी. बाहेरचं ऑइल किंवा कूलंट वापरलं एवढ्याच कारणावर क्लेम नाकारत असतील, तर तिथे १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. बिघाड त्याच ऑइलमुळे झाला हे कंपनीला दाखवावं लागतं.

प्रश्न : ओंकारेश्वरहून येताना भेरूघाटात आमच्या कारचा काटा लाल रेषेवर गेला. बरोबर म्हातारी आई होती, म्हणून तशीच घरापर्यंत आणली. कूलंटचा पाइप फाटला होता, हेड गॅस्केटही (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्याखालचं सील) गेलं. सर्व्हिस सेंटर म्हणतं, पाइप आमचा, गॅस्केट तुमचं. – सुदामानगर, इंदूर

आई बरोबर असताना घाटात थांबायचं मन होत नाही, हे मला समजतं. तरी सांगतो, इथेच बहुतेकांची वॉरंटी हातची जाते. पाइप फाटणं हा एक बिघाड आणि लाल काट्यावर पुढे चालवणं हे दुसरं कारण, अशी कंपनी सरळ विभागणी करते. ॲल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकतं, गॅस्केट सुटतं, मग ऑइलमध्ये पाणी उतरून त्याचा दुधाळ चहासारखा रंग होतो.

पण तुमच्या बाजूने एक मुद्दा असू शकतो. काटा वर जाऊन मध्येच खाली आला होता का, ते आठवा. कूलंट सगळा वाहून गेला की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगू लागतो. चालवणाऱ्याला वाटतं, गाडी थंड झाली. असं झालं असेल तर तसं लिहून द्या, आणि स्कॅनरवर ‘पी ०२१७’ हा इंजिन जास्त तापल्याचा कोड व त्या वेळची फ्रीझ फ्रेम नोंद काढून मागा. त्यात कोड पडला त्या क्षणीचं तापमान, वेग आणि इंजिनाचा लोड दिसतो.

पुढे कधी असं झालं तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, ते थेट तोंडावर येतं. गाडी टो करूनच आणा.

प्रश्न : बाहेरच्या मिस्त्रीने रेडिएटरमध्ये बोअरिंगचं पाणी भरलं. आता कंपनी पूर्ण वॉरंटीच रद्द म्हणते. – लोकमान्यनगर, इंदूर

पूर्ण रद्द करणं मला अन्यायाचं वाटतं. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात कार कंपन्यांना सांगितलं होतं की, बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, त्या कामामुळे झालेल्या नुकसानापुरतीच ती नाकारावी. प्रकरण पुढे अपिलात गेलं, तरी तक्रारीत हा आदेश जरूर नमूद करा. सस्पेन्शन किंवा एसीचा या पाण्याशी काय संबंध? रेडिएटर चोंदला तर मात्र कंपनीचं म्हणणं टिकेल. बोअरिंगच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत बसतो. कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घालावं.

प्रश्न : मी टॅक्सी चालवतो. गाडी पुण्याहून घेतली, इंजिनाचा क्लेम नाकारला. टॅक्सी असल्यामुळे ग्राहक आयोगात जाता येत नाही म्हणतात. – देवास

जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे, पण केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरणारा त्यात बसतो. एकच टॅक्सी तुम्ही स्वतः चालवता, हे परमिट आणि लायसन्ससह मांडा. चार गाड्या ड्रायव्हर ठेवून चालवणाऱ्याला हे अवघड जातं. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे पुण्याला खेटे घालायला नकोत. गाडीला मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पण तेवढ्यावर थांबून मुदत घालवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रकावर) सही करण्याआधी ते नीट वाचा. ‘ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे’ असं लिहिलं असेल तर त्याखाली ‘मान्य नाही’ लिहून मगच सही करा. खराब झालेले सुटे भाग ताब्यात घ्या किंवा सील करून ठेवायला सांगा. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीला पाठवू शकतो, आणि तिथे पाठवायला ते भागच उरले नाहीत तर तुमची बाजू फार लंगडी पडते.