मॅन्युअल गाडीत बाहेरून अलार्म आणि रिमोट स्टार्ट बसवावं का? ठाण्यात कुणाकडून करून घ्यावं?

अलार्म बसवा, रिमोट स्टार्ट, म्हणजे लांबून बटण दाबून इंजिन चालू करणं, नको. गाडी 2016ची मॅन्युअल डिझेल, उन्हात भट्टीसारखी तापते, खाली उतरायच्या आधी एसी चालू हवा, असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच कारण माझ्या साडूंनी दिलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

साडू घोडबंदर रोडला राहतात. पोडियमवर उघडं पार्किंग, जागा थोडी उताराची, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये लावायची सवय. सवय चांगलीच आहे. सिस्टीम बसवताना दुकानात मीही होतो. वायरिंग करणाऱ्या पोराला विचारलं, गाडी न्यूट्रलला आहे हे याला कळणार कसं? तो म्हणाला, "हँडब्रेकची वायर दिलीय ना साहेब." अरे, त्यातून हँडब्रेक ओढलाय एवढंच कळतं, गिअरचं काय? आणि क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये म्हणून कंपनीने दिलेला स्विच त्याने जंपर मारून, म्हणजे दोन्ही टोकं वायरने थेट जोडून, निकामी केला होता. मी बोललो तर साडू म्हणाले, "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." तेही सासूबाईंसमोर.

बऱ्या सिस्टीममध्ये मॅन्युअलसाठी वेगळी रीत असते. इंजिन चालू असतानाच न्यूट्रल करून हँडब्रेक ओढायचा, किल्ली काढून बाहेर यायचं, दारं लावायची, मग इंजिन आपोआप बंद होतं. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला आणि आत कुणी नाही, म्हणजे गाडी न्यूट्रललाच असणार. नंतर कुणी दार उघडलं की रिमोट स्टार्ट रद्द. साडूंना ही रोजची कटकट वाटली, त्यांनी ती सेटिंगच काढायला लावली.

मे महिना, सगळे लग्नाला निघालेले. साडूंनी पाहुण्यांना दाखवायला गॅलरीतून बटण दाबलं. गाडी सवयीप्रमाणे पहिल्या गिअरमध्येच होती, तिने उडी मारली ती थेट समोरच्या खांबावर. बंपर गेला, रेडिएटर गेला. पुढे कुणाचं पोर खेळत नव्हतं हे नशीब. लग्नाला आम्ही रिक्षाने गेलो. आजही साडू म्हणतात, चूक वायरमनची. होतीच. पण सेटिंग कुणी काढायला लावली, हे सासरी कुणी विचारत नाही.

दुसरं म्हणजे चिपवाली किल्ली. इमोबिलायझर, म्हणजे किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, असलेली गाडी किल्लीशिवाय चालू व्हावी म्हणून बरेच जण दुसरी किल्ली किंवा तिची चिप डॅशबोर्डमागे कायमची लपवून ठेवतात. चोरासाठी अलार्म लावायचा आणि किल्ली गाडीतच ठेवायची!

कुणाकडून, याचं उत्तर नावाने देत नाही. जो गाडीची वायर न कापता कपलरला कपलर (प्लगला प्लग) जोडतो, बॉनेटला पिन स्विच (बॉनेट उघडलं की अलार्मला कळवणारं बटण) लावतो आणि कुठली वायर कुठे गेली हे कागदावर लिहून देतो, त्याच्याकडे जा. वायर कापून टेप गुंडाळणारा असेल तर निघून या. गाडीचा वायरिंग हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) नंतर बदलावा लागला तर अलार्मची किंमत किरकोळ वाटेल. शॉक सेन्सर कमीवर ठेवा, नाहीतर रात्री घोडबंदरच्या कंटेनरनेही सायरन वाजेल आणि सोसायटीचे सेक्रेटरी दारात येतील.

विम्यात सूट मिळते म्हणून कुणी गळ घालेल. जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे ती ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये, आणि उपकरणाला एआरएआय या वाहन तपासणी संस्थेची मान्यता हवी. साडूंच्या उपकरणाला नव्हती.

हां, गाडी ऑटोमॅटिक असती तर माझं एवढं म्हणणं नव्हतं, तिथे गिअर पार्कमध्ये आहे की नाही ते गाडीलाच कळतं. तरी बंद बेसमेंटमध्ये किंवा स्टॅक पार्किंगमध्ये (एकावर एक गाड्या लावतात तिथे) रिमोटने इंजिन चालू करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठतो. आणि मॅन्युअलमध्ये बसवायचंच ठरवलं असेल, तर न्यूट्रलची ती रीत बंद करायला दुकानदाराला सांगू नका, घरचे कितीही कंटाळले तरी.