हप्ता थकला तर ब्रिटनचं सरकार धावून येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: स्किल्ड वर्कर व्हिसावर पुण्याहून बर्मिंगहॅमला यायचं ठरतंय, भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा वर्षभरात घर घ्यायचा विचार आहे, आणि 'तिकडे हप्ता झेपला नाही तर सरकार व्याज भरतं' असं कुणीतरी सांगितलंय. वर हेही विचारलंय की दुसऱ्यांच्या करातून अशी मदत करणं बरोबर आहे का.

ज्याने सांगितलं त्याने अर्धंच सांगितलं. योजना आहे. तिचं नाव सपोर्ट फॉर मॉर्गेज इंटरेस्ट. पण ५ एप्रिल २०१८पर्यंत ती मदत होती, त्यानंतर ती कर्ज झाली. सरकार तुमच्या बँकेला व्याजाचा काही भाग परस्पर देतं आणि घरावर आपला बोजा चढवतं, आपल्याकडे सातबाऱ्यावर सोसायटीचा चढतो तसा. घर विकलं किंवा दुसऱ्याच्या नावावर केलं की ती रक्कम व्याजासकट परत घेतात. बँकेचं भागवून पुरेसे पैसे उरले नाहीत, तर राहिलेलं माफ होतं. ही सवलत चांगली आहे, फारशी कुणाला ठाऊक नसते.

आता ती कुणाला मिळते ते बघा. कामाच्या वयात असाल तर आधी युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता) चालू हवं, तेही सलग तीन महिने. (एप्रिल २०२३पर्यंत नऊ महिने थांबावं लागायचं आणि त्या काळात एक पौंडही कमावला तर घड्याळ पुन्हा शून्यावर यायचं.) युनिव्हर्सल क्रेडिटला बचतीची मर्यादा १६,००० पौंड आहे, आणि त्या हिशेबात भारतातली एफडी धरतात, रिकामा किंवा भाड्याने दिलेला फ्लॅटही साधारणपणे धरतात. हे सगळं जुळलं तरी व्याज मिळतं ते जास्तीत जास्त २ लाख पौंडांच्या कर्जावर, आणि तेही तुमच्या बँकेच्या दराने नव्हे, सरकारने ठरवलेल्या प्रमाणित दराने. मुद्दलाला हात नाही.

आकड्यात मांडतो. अडीच लाख पौंड कर्ज, २५ वर्षं, ५.५ टक्के दर: हप्ता सुमारे १,५३५ पौंड. प्रमाणित दर समजा ३.५ टक्के असेल तर २ लाखांवर महिन्याला ५८३ पौंड येतील. उरलेले साडेनऊशे कुठून आणायचे हा प्रश्न तसाच.

आणि तुमच्यापुरती खरी अडचण याच्याही आधी येते. स्किल्ड वर्कर व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत, अशी अट असते. युनिव्हर्सल क्रेडिट हा पब्लिक फंड, म्हणून ही योजना कायमचं वास्तव्य मिळेपर्यंत तुमच्यासाठी बंद. ते आजवर पाच वर्षांनी मिळत आलंय, पण २०२५च्या मे महिन्यात सरकारने हा काळ सर्वसाधारणपणे दहा वर्षांवर न्यायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा अर्ज करताना चालू नियम पाहूनच गणित करा. चुकून अर्ज केला आणि पैसे मिळाले तर 'मला माहीत नव्हतं' चालत नाही. पुढच्या व्हिसावर त्याचा डाग पडतो.

यात एक बारीक वाट उघडी आहे. न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स हा बेकारी भत्ता तुमच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या नॅशनल इन्शुरन्स या सरकारी विम्याच्या हप्त्यांवर मिळतो, पब्लिक फंडात मोडत नाही. दोनेक वर्षांचे पुरेसे हप्ते भरलेले असतील तर आठवड्याला ९० पौंडांच्या आसपास, जास्तीत जास्त १८२ दिवस. पण नोकरी गेल्याचं कंपनीने कळवलं की होम ऑफिस (इथलं गृहखातं) व्हिसाची मुदत साधारण ६० दिवसांवर आणतं. म्हणजे भत्त्याचे दिवस संपायच्या कितीतरी आधी तुम्हाला नवा स्पॉन्सर (व्हिसासाठी नोकरी देणारी कंपनी) किंवा परतीचं तिकीट बघावं लागतं. आणि घर तर ६० दिवसांत विकून होत नाही. व्हिसावर घर घेणाऱ्याची खरी जोखीम ही आहे, व्याजदर नंतरचा.

व्याजदराचंही सांगतो, कारण भारतातून येणाऱ्याचा अंदाज इथे चुकतो. आपल्याकडे दर वाढला की बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवते, धक्का पोटात जिरतो. इथे बहुतेक लोक दोन किंवा पाच वर्षांसाठी दर बांधून घेतात आणि मुदत संपली की एका दिवसात हप्ता बदलतो. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला ०.१ टक्के होता, ऑगस्ट २०२३मध्ये ५.२५. वरचंच अडीच लाखांचं कर्ज २ टक्क्यांनी असतं तर हप्ता १,०६० पौंड. म्हणजे महिन्याला पावणेपाचशेंचा फरक, पगार तोच.

त्या वेळी इथे हाच वाद पेटला होता. लिबरल डेमोक्रॅट्स या विरोधी पक्षाने कर्जदारांसाठी सरकारी निधीची मागणी केली. अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी नकार दिला. लोकांच्या हातात पैसा ओतला तर महागाई आणखी वाढेल, असा त्यांचा मुद्दा होता. त्याऐवजी जून २०२३मध्ये बँकांशी मॉर्गेज चार्टर नावाचा करार झाला. त्यात करदात्याचा पैसा नाही. हप्ते थकलेले नसतील तर सहा महिने फक्त व्याज भरायची मुभा (वरच्या कर्जात १,५३५ऐवजी १,१४६), किंवा मुदत वाढवून घ्यायची (३५ वर्षं केली तर १,३४३) आणि सहा महिन्यांच्या आत मूळ मुदतीवर परत यायची सोय. दोन्हींसाठी उत्पन्नाची नव्याने तपासणी नाही. पहिला हप्ता चुकल्यापासून बारा महिने तुमच्या संमतीशिवाय घर ताब्यात घेत नाहीत. चार्टरवर सही केलेल्या बँकेचं कर्ज असेल तर हे व्हिसावरच्या माणसालाही लागू, म्हणून कर्ज घेताना बँकेचं नाव त्या यादीत आहे का ते बघा. लोक चुकतात ते इथेच: थकल्यावर फोन करतात. थकायच्या आधी केलात तर पर्याय जास्त, आणि नुसत्या चौकशीने क्रेडिट स्कोअर हलत नाही. चुकलेल्या हप्त्याने मात्र हलतो.

किल्ली बँकेला परत दिली की सुटलो, हाही एक गैरसमज. घर विकून बँकेचं कर्ज फिटलं नाही तर बँकेची उरलेली रक्कम तुमच्या नावावरच राहते.

बरोबर की चूक, यावर माझं मत: सरळ अनुदान नको. इंग्लंडात ढोबळमानाने एक तृतीयांश घरं कर्जमुक्त मालकांची, एक तृतीयांशाहून थोडी कमी कर्जाची, बाकी भाड्याची. भाडेकरूच्या करातून मालकाची मालमत्ता का वाचवायची? व्याजावरची जुनी करसवलत एप्रिल २०००मध्ये बंद केली तेव्हाही इथे आभाळ कोसळलं नाही. बोजा चढवून कर्ज देणं मला रास्त वाटतं. खटकतं ते एवढंच की व्हिसावरचा माणूस पहिल्या पगारापासून तोच कर भरतो आणि त्याला हे कर्जसुद्धा मिळत नाही.

तेव्हा तुमची सोय तुम्हीच करायची. घराचे सगळे खर्च धरून सहा महिन्यांची रक्कम पौंडात बाजूला ठेवा. उत्पन्न विमा घेणार असाल तर नोकरी जाण्याचं कलम आहे का ते वाचा. अनेक पॉलिसींमध्ये फक्त आजारपण असतं. आणि ही शिल्लक जिथे बहुतेकदा उडते ती जागा आधीच ओळखून ठेवा: स्टॅम्प ड्यूटी. साडेतीन लाख पौंडांच्या घरावर आयुष्यातलं पहिलंच घर असेल तर २,५०० पौंड. पण 'पहिलं' म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्यातल्या फ्लॅटवर वडिलांसोबत तुमचंही नाव असेल तर ही सूट गेली, कर ७,५००. आणि तुमच्या किंवा जोडीदाराच्या हिश्शाची किंमत ४०,००० पौंडांना पोचत असेल तर वर पाच टक्के अधिभार, एकूण २५,०००. खरेदीच्या आधीच्या वर्षात १८३ दिवस इथे भरले नसतील तर आणखी दोन टक्के.

फ्लॅटच्या इंडेक्स टूवर नेमकी कुणाची नावं आहेत ते बघून कळवा, मग किती डिपॉझिट धरायचं ते सांगतो.