डोळ्यांच्या व्यायामाने बेसबॉलमधली बॅटिंग सुधारते का?

थोडीफार. खरा फरक पडतो तो फेक ओळखण्याच्या सरावाने. पिचर (चेंडू फेकणारा) बॅटरपासून 60 फूट 6 इंचांवर असतो. ताशी 95 मैलांचा फास्टबॉल साधारण 0.4 सेकंदात पोचतो आणि त्यातलाही बराच वेळ बॅट फिरवण्यात जातो. म्हणजे निर्णय चेंडू हातातून सुटल्या सुटल्याच घ्यायचा: मनगट कसं आहे, शिवण कशी फिरतेय (स्लायडरमध्ये, म्हणजे ऐनवेळी बाजूला वळणाऱ्या फेकीत, अनेकांना लाल ठिपका दिसतो) यावरून. 2004 मध्ये सॉफ्टबॉलची पिचर जेनी फिंचने बेसबॉलचा नामवंत बॅटर आल्बर्ट पुहोल्सला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद) केलं. त्याची नजर काही अधू नव्हती, तिच्या फेकीची सवय नव्हती. आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या, मग चेंडू सुटताच थांबणारे व्हिडिओ बघून फेक ओळखत बसा. डोळ्यांच्या व्यायामासाठीच्या लुकलुकत्या दिव्यांच्या महागड्या यंत्रांवर मी तरी पैसे घालणार नाही.