चारच्या पाढ्यातले श्वास

"ताई, झोपेत याचा श्वास मध्येच थांबतो. परत सुरू होईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो."

पहिलटकरीण. बाळ तीन आठवड्यांचं, सोबत आलेल्या सासूबाईंच्या मांडीवर गाढ झोपलेलं. बालरोगतज्ज्ञांनी दोनदा तपासून बाळ ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं आणि तिला माझ्याकडे पाठवलं होतं. आधी डॉक्टर, मग मी; हा क्रम मी उलटा होऊ देत नाही.

तिने पिशवीतून वही काढली. रात्री ११.४० : ५२. १२.१० : ३२. १२.२५ : ६४. अशी पानंच्या पानं. सगळे आकडे चारच्या पाढ्यातले.

"पंधरा सेकंद मोजून चारने गुणतेस ना?"

ती चपापली. तान्ह्या बाळाचा श्वास घड्याळासारखा चालत नाही. काही श्वास भराभर, मग पाच-दहा सेकंद थांबा, मग पुन्हा सुरू. पंधरा सेकंदांत भरभर चाललेला तुकडा सापडला तर ६४, थांबा सापडला तर ३२. म्हणून बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायचं.

दुपटं जरा वर करून आम्ही दोघींनी मोजलं. पोट वर येऊन खाली गेलं की एक. मध्ये सहा सेकंद काहीच हललं नाही. तिने ओढणी मुठीत आवळली. मिनिटाअखेर ४४.

"आणि तुझे २६," मी म्हटलं. ती वहीत नोंदी शोधत होती तेव्हा घड्याळाकडे बघत मी तिचेही मोजले होते. कुणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून नर्सही नाडी बघत असल्यासारखं मनगट धरून मोजतात. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात.

"आम्ही नाही हो कधी मोजले," सासूबाई म्हणाल्या. मी नुसतं बघितलं. "पहिल्याच्या वेळी नाकाशी बोट धरून बसायचे म्हणा, रात्र रात्र." सुनेने पहिल्यांदा मान वर केली.

मग ठरवलं : उगाच मोजायचं नाही. शंका आली तर पूर्ण मिनिट; ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा, तरी तेवढेच तर डॉक्टर. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ कण्हतंय, ओठ निळे पडलेत, दूध ओढत नाही किंवा थांबा वीस सेकंदांवर गेला, तर मोजत बसायचंच नाही, थेट दवाखाना. रात्री पाजून झालं की बाळ नवऱ्याकडे. आणि बाळ झोपलेलं असूनही तिला झोप लागत नसेल, तर तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना तसं सांगायचं. ही भीती बाळंतपणानंतरची असू शकते आणि तिच्यावर उपचार आहेत.

पुढच्या आठवड्यात वहीत दोनच नोंदी होत्या. एक ४३, एक ४७.