पाचवा गिअर घालण्याआधी : एमजीबीवाल्यांची प्रश्नोत्तरे

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला : जुन्या एमजीबीला पाच गिअरचा बॉक्स. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही स्पोर्ट्स कार शेवटपर्यंत चार गिअरचीच राहिली. आजच्या मोटरवेवर तिला आणखी एक गिअर हवासा वाटतो, यात नवल नाही. पण बॉक्स विकत घेण्याआधी थोडा हिशेब करायला हवा, आणि नेमका तोच राहून जातो.

प्रश्न : माझी १९७२ची रोडस्टर (उघड्या टपाची एमजीबी) आहे, ओव्हरड्राइव्ह (बॉक्सच्या मागे बसणारा, बटणाने लागणारा जादा गिअर) नाही. मोटरवेवर ७० मैलांच्या वेगाला इंजिन इतकं ओरडतं की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येत नाही. पाच गिअरचा बॉक्स घालू, की ओव्हरड्राइव्हचा? (लेस्टर)

तुमच्या गाडीचा मागचा एक्सल ३.९ चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.९ फेरे. चौथ्या गिअरमध्ये इंजिनच्या दर १००० आरपीएमला गाडी ताशी साधारण १८ मैल पळते. म्हणजे ७० मैलांना इंजिन ३९०० आरपीएमवर असतं. फोर्ड सिएराच्या टाइप ९ बॉक्सचा पाचवा गिअर ०.८२ चा आहे (बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे ०.८२ फेरे), त्यात तेच इंजिन ३२०० वर येईल. हे ७०० आरपीएम कानाला लगेच जाणवतात. दोन तास गाडी चालवून उतरल्यावर डोकं भणभणत नाही.

आता दुसरी बाजू. तुमच्या मॉडेलला कारखान्यातून मिळणारा लेकॉक कंपनीचा एलएच ओव्हरड्राइव्हसुद्धा ०.८२ चाच आहे. म्हणजे मोटरवेवर दोघांत काडीचा फरक नाही. उलट तुमच्या सालच्या गाडीत ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या गिअरलाही लागतो. वळणावळणाच्या रस्त्यावर तिसरा आणि ओव्हरड्राइव्ह-तिसरा अशी नुसत्या बटणावर अदलाबदल करता येते. ते सुख पाच गिअरच्या बॉक्समध्ये नाही.

एक अडचण मात्र आहे. तुमच्या सध्याच्या बॉक्सला नुसता ओव्हरड्राइव्ह मागून जोडता येत नाही, कारण ओव्हरड्राइव्हच्या बॉक्सचा मेनशाफ्टच (आतला मुख्य दांडा) वेगळा असतो. पूर्ण बॉक्स बदलावा लागतो. आणि एमजीबीत बॉक्स एकटा खालून निघत नाही, इंजिनासकटच वर काढावा लागतो. म्हणजे दोन्हींकडे मजुरी जवळपास तेवढीच. माझं मत स्पष्ट आहे : खात्रीच्या माणसाने उघडून तपासलेला ओव्हरड्राइव्हचा बॉक्स मिळाला, तर तोच घाला. तो मिळत नसेल, किंवा मिळतो तो झिजलेला असेल, तर पाच गिअरकडे वळा.

प्रश्न : माझी १९६६ची रोडस्टर आहे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर टाकताना दातांचे वेग जुळवणारी रचना) नाही, आणि आता तो बॉक्स कुरकुरतोही. फोर्डचा टाइप ९ घ्यावा, की माझदा एमएक्स-५ चा? (रेडिंग)

सगळे पाचव्या गिअरचा आकडा विचारतात. माझदाचा ०.८१, फोर्डचा ०.८२. इथे निवडण्यासारखं काहीच नाही. खरा प्रश्न पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधल्या अंतराचा आहे, आणि गावात गाडी चालवताना तो मिनिटामिनिटाला भेटतो.

तुमच्या मूळ बॉक्सचा पहिला ३.६४ आणि दुसरा २.२१. पहिल्यात ४५०० पर्यंत ओढून दुसरा टाकलात की इंजिन २७५० च्या आसपास उतरतं. चार सिलिंडरच्या सिएराचा टाइप ९ पहिल्याला ३.६५, दुसऱ्याला १.९७. त्यात तेच इंजिन २४५० च्याही खाली जातं. सिग्नल सुटला, पहिला भरकन संपला, दुसरा टाकला, की गाडी क्षणभर बसल्यासारखी होते. चढावर तर फारच. व्ही-६ गाड्यांतल्या टाइप ९ चे आकडे ३.३६ आणि १.८१, म्हणजे पहिला जरा लांब, पण खड्डा तेवढाच. म्हणून टाइप ९ घ्यायचाच असेल, तर पहिला गिअर लांब करून बांधलेला घ्या. माझदाचे ३.१४ आणि १.८९. त्यात इंजिन २७०० वर उतरतं, म्हणजे जवळजवळ तुमच्या मूळ बॉक्ससारखंच. बदल्यात गाडी उठवताना क्लच किंचित जास्त वेळ धरावा लागतो. मला हा सौदा मान्य आहे.

मग सगळे माझदाच का घेत नाहीत? कारण एमएक्स-५ मध्ये तो बॉक्स मागे डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या एका लांब फ्रेमला बांधलेला असतो. एमजीबीत ती फ्रेम नाही, त्यामुळे बॉक्सची मागची बैठक नव्याने बनवावी लागते. शिवाय १९६७ अखेरपर्यंतच्या गाड्यांचं टनेल (गिअरबॉक्सवरचा बॉडीचा उंचवटा) अरुंद आहे. तुमची त्यातलीच. किट ‘एमजीबीसाठी’ आहे एवढ्यावर घेऊ नका. तुमच्या टनेलमध्ये काहीही न कापता बसतं का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. प्रोपेलर शाफ्टही (बॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा दांडा) आधी कापून आणू नका. तुमच्या रोडस्टरला जुना बँजो एक्सल असणार, आणि नंतरच्या एक्सलला लागणाऱ्या शाफ्टची लांबी वेगळी. बॉक्स बसवा, गाडी चाकांवर उभी करा, मग दोन फ्लँजमधलं अंतर मोजा.

एक गोष्ट मी पदरमोड करून शिकलो, ती सांगतो. काही किटमध्ये क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांमधल्या घंटेसारख्या आवरणाच्या, आत शाफ्टभोवती बसतो. एका गाडीत मी तो घातला. काही महिन्यांतच क्लच पेडल मऊ लागायला लागलं, आणि बेलहाउसिंगच्या खालच्या भोकातून ब्रेक ऑइलचा थेंब लोंबताना दिसला. सीलची किंमत क्षुल्लक होती, पण तिथवर पोचायला इंजिन पुन्हा बाहेर काढावं लागलं. मूळ गाडीत स्लेव्ह सिलिंडर बाहेर असतो आणि दोन बोल्ट काढले की हातात येतो. तो बाहेरच ठेवणारं किट मिळत असेल, तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.

प्रश्न : पाच गिअर केले की टॉप स्पीड वाढेल ना? (ठाणे)

नाही. १७९८ सीसीचं हे इंजिन सर्वांत जास्त ताकद ५४०० आरपीएमच्या आसपास देतं, आणि चौथा गिअर गाडीला तिथवर नेतो. पाचव्यात आरपीएम पडतो, त्याबरोबर ताकदही, आणि वारा तेवढाच राहतो. पाचवा गिअर लांबच्या प्रवासातल्या स्वस्थतेसाठी असतो.

प्रश्न : आमच्या घरची १९६५ची एमजीबी सध्या उघडलेली आहे. पाच गिअर घातले तर व्हिंटेज म्हणून नोंदणीला अडचण येईल का? (पुणे)

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यात व्हिंटेज गाडीची व्याख्या दिली आहे : पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल होईल अशी मोठी दुरुस्ती न झालेली. गिअरबॉक्सचं नाव तिथे नाही. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी शेलच सगळा भार पेलतो, आणि गिअरबॉक्सवरचं टनेल त्या शेलचाच भाग आहे. बॉक्स बसावा म्हणून ग्राइंडर लावून टनेल कापलंत, की तो बॉडी शेलमधला बदल झाला. शिवाय ‘मूळ रूपात’ या शब्दांचा अर्थ शेवटी समोरचा अधिकारी लावणार. म्हणून पाना हातात घेण्याआधी आरटीओला लेखी विचारा.

आणखी एक विनंती. व्हीए मालिकेचा (व्हिंटेज नोंदणीचा) नंबर मिळालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. वर्षाकाठी मोजके मैल होणार असतील, तर मूळ बॉक्सच नीट बांधून घ्या, असं मी मनापासून सांगेन. आणि बदललातच, तर जुना बॉक्स, त्याची क्रॉसमेंबर, शाफ्ट, एकेक बोल्ट तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवा. साठ वर्षांच्या गाडीचे सुटे भाग एकदा घराबाहेर गेले, की परत येत नाहीत.

प्रश्न : एमजीए (एमजीबीच्या आधीची गाडी) आणि अँबेसिडरचं इंजिन एकच, असं आमचा मेकॅनिक म्हणतो. मग माझ्या एमजीएला इसुझू इंजिनवाल्या अँबेसिडरचा पाच गिअरचा बॉक्स बसेल का? (कोल्हापूर)

मेकॅनिकचं पहिलं वाक्य खरं आहे. सुरुवातीच्या एमजीएचं १४८९ सीसीचं इंजिन आणि अँबेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजची भावंडं. पण पाच गिअरचा बॉक्स आला तो इसुझूच्या १८१७ सीसी इंजिनाबरोबर, आणि ते घराणंच वेगळं. बोल्टची मांडणी जुळत नाही. मध्ये अडॅप्टर प्लेट बनवावी लागेल, आणि ती अचूक मध्यावर बसली पाहिजे. केसभर जरी सरकली, तरी इनपुट शाफ्टचं बेअरिंग आणि क्रँकमधला स्पिगॉट बुश (शाफ्टचं टोक पेलणारी छोटी नळी) खाऊन टाकते. डायल गेज लावून काम करणारा टर्नर असेल तरच या वाटेला जा. अंदाजाने भोकं पाडणारा असेल तर नको.

प्रश्न : गिअरबॉक्समध्ये तेल कोणतं? (नाशिक)

एमजीबीच्या मूळ बॉक्समध्ये २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल, ओव्हरड्राइव्ह असला तरी तेच. टाइप ९ मध्ये जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल. दुकानदाराने जीएल-५ ‘त्याहून भारी’ म्हणून पुढे केलं तरी घेऊ नका, त्यातली द्रव्यं सिंक्रोच्या पितळी रिंगा खाऊ शकतात.

प्रश्न : बॉक्स बदलल्यापासून स्पीडोमीटर ५५ दाखवतो. जीपीएस म्हणतो ७०. (न्यू जर्सी)

जीपीएसचं ऐका, आणि दुरुस्त होईपर्यंत मोटरवेवर जाऊ नका. तुमच्या डायलवर खाली बारीक अक्षरांत एक आकडा असेल, बहुधा १२८० किंवा १०००. एका मैलात केबलने तेवढे फेरे घ्यावेत, अशी त्या मीटरची अपेक्षा असते. नवा बॉक्स किती फेरे देतो, हे घरीच मोजता येतं. केबल मीटरच्या मागून सोडवा. आतल्या तारेच्या टोकाला कागदाची छोटी पताका चिकटवा. टायरमध्ये हवा बरोबर भरा, जमिनीवर ५२ फूट साडेनऊ इंचांवर दोन खुणा करा (हा मैलाचा शंभरावा भाग), आणि गाडी न्यूट्रलमध्ये सरळ ढकला. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने आत बसून पताकेचे फेरे मोजायचे, शेवटचा अपुरा फेरासुद्धा दहाव्या भागापर्यंत. आलेल्या आकड्याला १०० ने गुणा. तुम्ही सांगता त्यावरून साधारण १० फेरे भरतील, म्हणजे मैलाला १०००, आणि मीटर मागतोय १२८०. तो आकडा मीटर दुरुस्त करणाऱ्याला लिहून द्या, तो मीटर त्याप्रमाणे लावून देईल. मीटर उघडायचा नसेल, तर केबलच्या मध्ये बसणारी छोटी गिअरपेटी मिळते. तीही याच आकड्यावरून बनवून घ्यावी लागते, म्हणून मोजणी तीनदा करा आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं तरच ऑर्डर द्या.