आधी आंबट बघ

चि. पोरीस, तासगावहून अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचून आधी हसू आलं, मग राग. अर्जेंटिनातल्या मेंडोसा प्रांतात, तुपुंगातोतला शार्डोनेचा, म्हणजे पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचा प्लॉट, मीटरवर साखर साधारण 22 टक्के, ऊन कडक, पावसाचं नाव नाही, आणि ती माणसं तोड सुरू करताहेत. ‘काका, आठ दिवस थांबले असते तर 24-25 गेली असती. ह्यांना कळत कसं नाही?’ कळतंय त्यांना. तुझ्या डोक्यातून बेदाणा गेलेला नाही.

आपल्याकडे साखर चढेल तसा बेदाण्याचा उतारा वाढतो, म्हणून शेवटपर्यंत सगळी नजर रिफ्रॅक्टोमीटरवर, त्या साखर मोजायच्या मीटरवर. शार्डोनेचं गणित उलटं. साखर काय, मेंडोसाच्या उन्हात ती येणारच. राखायचं असतं ते आंबट. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागला, की द्राक्षातल्या दोन मुख्य आम्लांपैकी मॅलिक गरमीत भराभर जळतं. टार्टारिक त्या मानानं टिकतं. म्हणून तर लोक डोंगराकडे सरकले. 100 मीटर चढलं की तापमान साधारण 0.6 अंशानं उतरतं. मेंडोसाचे वाइनवाले निकोलास कातेना यांनी 1990च्या दशकात तुपुंगातोतल्याच ग्वाल्तायारीत 1,400 मीटरच्या वर लागण केली, तेव्हा इथं माल पिकायचा नाही, असं जाणकारच म्हणत होते. रात्री स्वेटर घालावा लागतो, असं तूच लिहिलंयस ना? त्या गारठ्यानं राखलेलं आंबट तू आठ दिवस थांबून उन्हात घालवणार?

‘उंचीच पाहिजे तर महाबळेश्वरला लावू’ हेही डोक्यातून काढ. उंची आहे, 1,350 मीटरच्या आसपास. पण पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर! मेंडोसात जेमतेम 200, बाकी पाणी अँडीजच्या बर्फाचं. तिथल्या बागायतदाराची झोप डाऊनी बुरशी नाही उडवत, गारपीट उडवते. म्हणून बागांवर त्या जाळ्या.

घडांचा फोटोही पाहिला. मोठ्या मण्यांत बारीक मणी बघून ‘शॉट बेरीज, माल नापास’ म्हणालीस. अगं, तो शार्डोनेचा मेंडोसा क्लोन, कलमानं वाढवलेला वाण, त्याची जातच तशी. खायच्या द्राक्षांचा व्यापारी तो घड बाजूला टाकेल, पण त्या बारीक मण्यांत रसाच्या मानानं साल जास्त आणि आंबटही चांगलं. एक मोठा आणि एक बारीक मणी वेगवेगळा चावून बघ. आंबट बघ, साखर नंतर.

माझं म्हणशील तर एका वायनरीत बागांचं काम माझ्याकडे होतं. दर साखरेवर ठरायचा, मग शेतकरी थांबायचा, आणि शेनिन ब्लाँचा, तेही पांढऱ्या वाइनचंच द्राक्ष, माल यायचा तो गोड आणि मिळमिळीत. वरून टार्टारिक टाका म्हणायचे. टाकतात, उष्ण भागांत सगळीकडे टाकतात, त्यात बेकायदा काही नाही. पण उशिरा तोडलेल्या मालात ओतलेलं आंबट जिभेवर वेगळं उभं राहतं, मला ते लगेच लागतं. दर आम्लता बघून ठरवा म्हणून भांडलो आणि बाहेर पडलो. तुझी काकू अजून म्हणते, दोन वर्षं गप्प बसला असतात तर वरचा मजला झाला असता. झाला असता. मी गेल्यावर तिथली एक बाग उपटली, मी असतो तर उपटू दिली नसती, त्याची हळहळ आहेच. पण तिथं राहून मी पोरांना काय शिकवलं असतं, मीटर धरायला?

असो, माझं पुराण पुरे. बॅरल नवं फ्रेंच की जुनं, मॅलोलॅक्टिक, म्हणजे मॅलिकचं सौम्य लॅक्टिक होणं, पूर्ण करायचं की अर्ध्यावर रोखायचं, हे तू चार ओळींत विचारलंयस. घाई कशाला? टाकीत आंबटच आलं नाही तर रोखणार काय?

उद्या पहाटे तोडीआधी वरच्या आणि खालच्या ओळींतले मणी वेगळे घे. सावलीकडचे, उन्हाकडचे, दोन्ही. चावून चव लिही, मग पीएच, मग एकूण आम्लता. मला पाठव. साखरेचा आकडा पाठवलास तर उत्तर देणार नाही.

तुझा,
काका